सहा महिन्यांचं ऑइल

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आम्ही गाडी घेतली. नवी कोरी, पांढरी, पेट्रोलवरची. घरात पहिली गाडी आली की पेढे वाटतात, आम्हीही वाटले. पण ती हौसेनं आलेली नव्हती. त्याच्या आदल्या वर्षी माझ्या नवऱ्याला पक्षाघाताचा झटका आला होता. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला, बोलणं गेलं. पाय काठीच्या आधारानं टाकण्याइतपत सुधारला. बोलणं एका शब्दापाशी येऊन थांबलं. तो शब्द म्हणजे ‘अगं’. भूक लागली तरी अगं, दुखलं तरी अगं, पंखा बंद कर यालाही अगं.

ह्यांनी तीस वर्षं देहूरोडच्या लष्करी डेपोत गाड्या दुरुस्त केल्या. आमच्या कान्ह्याहून सकाळची लोकल, संध्याकाळची लोकल. निवृत्त होऊन वर्ष होत नाही तोच हे असं झालं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांखाली पाठ टेकलेल्या माणसाच्या दारात गाडी आली, तेव्हा ती चालवायला त्याचा हात उरला नव्हता. मग मीच शिकले, बावन्नाव्या वर्षी, वडगावच्या मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये. तिथले सर दर मिनिटाला “मॅडम, क्लच!” म्हणून ओरडायचे. शेवटी आम्ही बिनक्लचचीच गाडी घेतली.

तेव्हापासून माझा आठवडा असा झाला. तीन दिवस पहाटे उठून डबे, मग ह्यांना कामशेतला व्यायामासाठी न्यायचं, परत घरी आणून सोडायचं, तशीच गाडी वळवून वडगावला शाळेत शिकवायला जायचं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ह्यांना घेऊन लोणावळ्याला, बोलणं शिकवणाऱ्या बाईंकडे. त्या कार्डं दाखवायच्या, चिमणी, कप, घर, आणि हे नुसते ओठ हलवायचे. एकदा किल्लीचं चित्र बघून ह्यांनी घाम येईपर्यंत झटून “पा… पाना” म्हटलं. बाईंनी वहीत चुकीची खूण केली. डेपोतल्या माणसाला किल्ली आणि पाना शेजारचेच शब्द, हे मी त्यांना सांगणार होते. पण मला घरी जाऊन भांडी घासायची होती. मी ह्यांची काठी पुढं केली.

ऑइलचा विषय पहिल्यांदा निघाला तो ह्यांचे डेपोतले एक जुने सोबती भेटायला आले तेव्हा. चहा पिता पिता ते गाडीभोवती फिरून आले आणि म्हणाले, “वहिनी, कंपनीवाल्यांचं ऐकू नका. त्ये ऑइल म्हंजी नुसतं पाणी हाय. आमी ट्रकात कसं घालायचो, काकवीगत घट्ट. तसलं घाला, इंजिन लय टिकंल.”

मी “बरं भाऊ” म्हणाले. मला त्यातलं काय कळणार? पण हे खुर्चीवरून उठले, काठी टेकत गाडीपाशी गेले, डाव्या हातानं समोरच्या खणातलं माहितीपुस्तक काढून आणलं. पानं उलटताना दोनदा ते खाली पडलं. शेवटी एका पानावर बोट ठेवलं आणि सोबत्याकडे बघून जोरजोरात मान हलवली, नाही, नाही. तिथं ऑइलच्या पातळपणाचा आकडा छापला होता, झिरो डब्ल्यू ट्वेंटी. मग त्यांनी अंगठा आणि बोट एकमेकांवर घट्ट दाबून दाखवलं, मधून कागदही जाणार नाही असं.

सोबत्यांनी पुस्तक जवळ ओढलं. “व्हय व्हय,” ते म्हणाले. “नव्या इंजिनात फटीच बारीक. घट्ट ऑइल शिरायचंच न्हाई लवकर. तुमचं बराबर हाय.” आणि माझ्याकडे वळून, “डोस्कं शाबूत हाय वहिनी ह्याचं. आमच्यात सगळ्यात हुशार ह्योच हुता.”

मला ते माहीत होतं. निदान मी तसं धरून चालले होते.

सहा महिने होत आले तशी एक नवीनच गोष्ट सुरू झाली. हे मला डाव्या हाताची पाच बोटं दाखवायचे, मग एक. पाच आणि एक. सकाळी, जेवताना, मी वह्या तपासत असताना. मला वाटलं सहा वाजताची गोळी. ती तर मी देतच होते. “देते हो, विसरले नाही,” मी म्हणायचे. ते मान हलवायचे आणि दाराकडे बोट करायचे. बाहेर जायचंय का? फाट्यापर्यंत जाऊया का? तेही नाही. चार-पाच दिवसांनी मी विचारायचंच सोडून दिलं. खरं सांगायचं तर दिवसाच्या शेवटी कोडं सोडवायची ताकद माझ्यात नसायची. बघते, म्हणायचं आणि पुढच्या कामाला लागायचं.

उलगडा झाला तो लोणावळ्याच्या गर्दीत. शनिवार, एप्रिलचं ऊन, मुंबईची आणि पुण्याची सगळी माणसं जणू त्याच रस्त्यावर. पाऊण तास आम्ही चिक्कीच्या दुकानांसमोर जागच्या जागी उभे होतो, इंजिन चालू, काचा धुळीनं धुरकटलेल्या. ह्यांनी पुन्हा ते पुस्तक काढलं आणि एक पान उघडून माझ्या मांडीवर ठेवलं. तिथं दोन तक्ते होते. पहिल्यात लिहिलं होतं, ऑइल दहा हजार किलोमीटरला किंवा वर्षानं, जे आधी होईल तेव्हा. हे मला शोरूममध्येच सांगितलं होतं. दुसरा तक्ता कडक वापरासाठी होता. वारंवार कमी अंतराच्या फेऱ्या, गर्दीत बराच वेळ उभं राहणं, चढणीचा रस्ता, धूळ. यातलं काहीही असलं तर पाच हजाराला किंवा सहा महिन्यांनी.

मी यादी वाचली आणि समोर बघितलं. कामशेतची चार किलोमीटरची फेरी, इंजिन धड गरमही न होणारी. हा लोणावळ्याचा चढ, ही गर्दी. आमच्या घरापुढचा कच्चा रस्ता. त्या तक्त्यात आम्हीच लिहिलेलो होतो.

“सहा महिने!” मी म्हणाले. “ऑइल बदलायला सहा महिने झाले, हे सांगत होतात?”

ह्यांनी डोळे मिटून डोकं मागं टेकलं. “अगं,” एवढंच म्हणाले. दहा दिवस त्यांनी ते मला सांगितलं होतं.

मी हायवेलगतच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला. तिथला सल्लागार तरतरीत, गोड बोलणारा. “मॅडम, तुमचे साडेतीन हजारच झालेत. वर्षाला बदला ना.” मी म्हणाले, नाही, आत्ताच बदलायचं, पुस्तकात दिलंय तेच ऑइल आणि फिल्टरही नवा. सोमवारी सकाळी तिथं गाडी सोडून रिक्षानं शाळा गाठली, चार वाजता जाऊन गाडी घेतली. धुऊन चकाचक केली होती. काचेवर पुढच्या तारखेचं स्टिकर लावलं होतं. एक काम उरकलं, म्हणून मला बरं वाटलं.

घरी आल्यावर मला चहा हवा होता आणि पाच मिनिटं कोणी हाक मारायला नको होतं. हे दारातच उभे होते. बॉनेट उघड, अशी खूण केली. मी वैतागले. तरी उघडून दिलं आणि आत गेले. खिडकीतून दिसत होतं. एका हातानं ते बराच वेळ आत वाकून खटपट करत होते. मग पायऱ्या चढण्याचा आवाज आला, काठी, पाय, काठी, पाय. ते स्वयंपाकघरात आले आणि मी कांदा चिरत होते त्या ओट्यावर त्यांनी एक फडकं ठेवलं. त्यावर काळा ओघळ होता.

“का… का…” ते म्हणाले.

“काय काय? अहो, ओट्यावर कशाला ठेवता हे! इथं खायचं असतं.”

“का…” त्यांच्या मानेच्या शिरा ताठल्या होत्या.

“मला नाही कळत! दिवसभर उभी आहे मी. मला खरंच नाही कळत.”

मी ओरडले होते. शेजारच्या मावशी त्यांच्या अंगणातून आमच्या खिडकीकडे बघत होत्या. ह्यांनी फडक्यावर मूठ आपटली. मग वळून फळीपाशी गेले, डबे सरकवले आणि मधाची बाटली काढली. ती उजेडात धरून मला दाखवली. मग फडकं दाखवलं. पुन्हा मध. पुन्हा फडकं.

नवं ऑइल मधासारखं दिसतं. हे काळं आहे. का म्हणजे काळं.

मी सुरी खाली ठेवली. “बदललंच नाही त्यांनी?”

ह्यांनी मान डोलावली आणि ते स्टुलावर बसले. मी फडकं उचलून उजेडात धरलं. मागं गॅसवर चहा उतू गेला.

फोनवर सल्लागार म्हणाला, “मॅडम, ऑइल लगेच काळं पडतं, नॉर्मल आहे.” मी म्हणाले, “पंधरा किलोमीटरमध्ये?” तो म्हणाला, “घेऊन या, बघू.”

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि ह्यांना बरोबर घेतलं. सल्लागारानं माझ्याशीच बोलायला सुरुवात केली. ह्यांनी फडकं पुढं केलं तर तो म्हणाला, “काकांना आत बसवा ना मॅडम, एसी आहे.” त्यात त्याचा वाईट हेतू नव्हता. मीही दोन वर्षं तेच करत होते, म्हणून मला ते ओळखू आलं. हे आत गेले नाहीत. गाडीच्या पुढ्यात काठी रोवून उभे राहिले.

आवाज ऐकून तिथले मुख्य मेकॅनिक आले. पिकलेल्या मिशांचे, ह्यांच्याच वयाचे. त्यांनी फडकं घेतलं, बोटानं चोळलं, वास घेतला. मग ह्यांच्या डाव्या हाताकडे बघितलं. नखांच्या कडांना आदल्या दिवशीचं काळं अजून होतं.

“कुठं होता कामाला?” त्यांनी विचारलं.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. त्यांनी माझ्याकडे न बघता हात जरासा वर केला. थांबा. ते वाट बघत राहिले. मागं कुणी हवा मारत होतं, कुणी हॉर्न तपासत होतं.

“दे…” हे म्हणाले. “दे… देऊ…”

“देहूरोड? डेपोत?”

“अं!” ह्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं.

“मग तुम्ही खोटं कशाला सांगाल,” मेकॅनिक म्हणाले आणि त्यांनी गाडी वर घ्यायला लावली.

खालचा नट सोडल्यावर काळी धार पडली. फिल्टरही जुनाच निघाला, मूळचा, धुळीनं माखलेला. मग कागद शोधले गेले. आमच्या गाडीशेजारी तशीच पांढरी, त्याच मॉडेलची दुसरी गाडी उभी होती. ती नुसती धुवायला आली होती. तिचं ऑइल बदललं गेलं आणि आमची धुतली गेली. लबाडी नव्हती, घिसाडघाई होती. सल्लागार मला सॉरी म्हणाला. मेकॅनिक म्हणाले, “मॅडमना काय म्हणतोस? त्यांना म्हण.” तो ह्यांच्याकडे वळून म्हणाला, “सॉरी काका.” ह्यांनी त्याच्या पाठीवर डावा हात ठेवला. रागावलेले दिसले नाहीत.

मग सीलबंद डबा आणून ह्यांच्यासमोर धरला. ह्यांनी आकडा बघितला, झाकणाचं सील बघितलं, मान डोलावली. ऑइल ओतताना उन्हात ते खरंच मधासारखं चमकलं. ह्यांनी बोट लावून अंगठ्यानं चोळलं. पातळ होतं, त्यांना हवं होतं तसं. शेवटी मेकॅनिकनं डिपस्टिक, ऑइल मोजायची सळई, ह्यांच्या हातात दिली. ह्यांनी पातळी पाहिली आणि तळहात आडवा धरला. पुरे.

याचा कुणी चमत्कार समजू नये. ह्यांचं बोलणं अजूनही फारसं आलेलं नाही. माझी पहाट तीच आहे, लोणावळ्याची गर्दीही तीच. एवढं मात्र झालं की कार्डं दाखवणाऱ्या बाईंना मी डेपोबद्दल सगळं सांगितलं. आता त्या चिमणीऐवजी नट, बोल्ट, जॅक यांची चित्रं आणतात. हे आता तिथं जास्त वेळ बसतात. आणि ह्यांनी काही दाखवायला सुरुवात केली की मी हातातलं काम बाजूला ठेवते. रोज जमतं असं नाही. काही दिवशी मी अजूनही बघते म्हणते आणि निघून जाते.

त्या दिवशी सर्व्हिस सेंटरवरून परत येताना कान्ह्याचं रेल्वे फाटक बंद होतं. मी इंजिन बंद केलं. हे शेजारी झोपून गेले होते, मान खिडकीकडे, तोंड किंचित उघडं. एक मालगाडी गेली, मग लोकल. फाटक उघडलं तरी माझा हात लगेच गाडी सुरू करायच्या बटणाकडे गेला नाही. मागच्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. वाजवू दे म्हटलं, आणि अजून थोडा वेळ तशीच बसून राहिले.