तानीसानने नाव सांगितलं

आमच्या ओसाकाच्या मजूर वस्तीत कुणी कुणाला खरं नाव विचारत नाही. तानीसान पहाटे ठेकेदाराच्या गाडीत चढायचा तो रोज नव्या नावानं. 'तानी' हे आमच्या अन्नछत्राच्या रांगेतलं; 'सान' म्हणजे आपलं 'राव'.

पण छंद? तो कुणालाही विचारा! आमच्याकडे लग्नाच्या मुलालाही विचारतात आणि म्हाताऱ्यालाही. "आधी छप्पर, मग छंद," असं पालिकेच्या एका साहेबानं या बेघर मजुरांबद्दल ऐकवलं, तेव्हा मी टेबलावर हात आपटला. छप्पर तर पाहिजेच, पण त्याखाली बसून माणसानं भिंत बघायची का?

तानीसानला नाद सेनर्यूचा, म्हणजे तीन ओळींच्या टवाळ कवितांचा. सिगारेटच्या पाकिटावर लिहायचा. त्याला ओढतच मी हिरामात्सु न्हाव्याच्या माडीवर, कवितेच्या मंडळात नेलं.

तिथली रीत अशी, की कवितेच्या चिठ्ठीवर नाव लिहायचं नाही. निवडलेली कविता वाचली की कवीनं जागेवरून नाव ठणकावायचं. टोपणनावही चालतं, पण ज्याचं त्यानंच ओरडायचं. गप्प राहिला, तर चिठ्ठी बाद.

"ताई, हे आधी नाही बोललीस!" तानीसान कुजबुजला.

"बोलले असते तर आला असतास?"

"सांगू कुठलं? ठेकेदारांना दिलेली सगळी खोटी आहेत."

"मग नवं घे की! तुला काय तोटा नावांना?"

तो हसला नाही. तेवढ्यात हिरामात्सुनं चिठ्ठी उचलली. विषय होता बूट.

"नवे बूट घेतले,
आज कामावर जायचंय
असं बुटांना वाटतंय."

माडी हास्यानं हादरली! बँकेतला साहेब मांडी थोपटत होता, मिठाईवाल्या आजी डोळे पुसत होत्या. कविता तानीसानचीच होती! पण हा दगडासारखा गप्प.

हिरामात्सुनं पुन्हा वाचली. तरी गप्प. मी कोपर मारलं. माझ्याच तोंडून 'तानी' निसटणार होतं, दात दाबून धरले. हिरामात्सुचा हात चिठ्ठी बाजूला ठेवायला निघाला, आणि तानीसान ताडकन उभा राहिला. बांधकामावर क्रेनवाल्याला हाक मारावी तसा ओरडला,

"शिगेमित्सु!"

"शिगेमित्सु," हिरामात्सुनं शांतपणे तेच नाव म्हटलं, कवितेखाली लिहिलं आणि पुढची चिठ्ठी घेतली.

इतकी वर्षं याला जेवण वाढलं, आणि खरं नाव आज कळलं! मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. हा उभाच, कान लालबुंद.

मागून मिठाईवाल्या आजी खेकसल्या, "बसा की आता, शिगेमित्सुसान! दिसत नाही आम्हाला!"