भारोभार लाडू

माझ्या धाकट्या भावाची दर दिवाळीत लाडवांनी तुला व्हायची. माझी एकदाही झाली नाही. आज मी चाळिशीला टेकले आहे, अकोल्यात स्वतःचं घर आहे, नोकरी आहे, नऊ वर्षांची मुलगी आहे, आणि तरी ही गोष्ट मला सलते. वय वाढलं की असलं काही मनात राहत नाही, असं लोक म्हणतात. त्यांना धाकटा भाऊ नसावा.

झालं असं की, माझ्या पाठीवर मुलगा व्हावा म्हणून आजीनं, म्हणजे वडिलांच्या आईनं, गावच्या मारोतीला नवस बोलला होता. नातू झाला, तर तो बारा वर्षांचा होईपर्यंत दर दिवाळीला त्याच्या भारोभार बुंदीचे लाडू गावात वाटीन. मी अडीच वर्षांची असताना भाऊ झाला. मारोतीनं आपलं काम केलं होतं, आता आजीची पाळी होती.

आम्ही अकोल्याच्या जठारपेठेत राहायचो आणि गाव बार्शीटाकळीच्या पुढे. पाडव्याच्या सकाळी देवळासमोरच्या कडुनिंबाला कापूस मोजायचा मोठा काटा टांगत. एका पारड्यात घोंगडी घालून भावाला बसवत, दुसऱ्यात पितळी परात ठेवत आणि आजी तिच्यात लाडू टाकायला घेई. आधी ओंजळीनं, मग दोन-दोन आणि शेवटी एक-एक. भावाचं पारडं जमिनीवरून हललं की बाया ओरडत. काटा सरळ उभा राहिला की ढोल वाजे. मी देवळाच्या ओट्यावर उभी राहून बघायचे. माझ्या अंगावर नवा फ्रॉक असे, पण तिकडे कोणाचं लक्ष असणार? अख्खं गाव त्या काट्याकडे बघत असे.

तो पाच वर्षांचा असताना पावसाळ्यात तापानं आजारी पडला आणि हाडं दिसायला लागली. त्या पाडव्याला त्याचं वजन आदल्या वर्षीपेक्षा दीड किलो कमी भरलं. आजीचा चेहरा उतरला. "मारोतीले कमी पडलं," ती दिवसभर म्हणत राहिली. लाडू कमी म्हणजे देवाला दिलेला शब्द कमी, असा तिचा सरळ हिशेब होता. आणि मग आमच्या घरात एक गोष्ट न बोलता ठरून गेली: पोराचं वजन मागच्या वर्षीपेक्षा कमी भरता कामा नये.

दसरा झाला की त्याचं खाणं सुरू होई. सकाळी सायीवर साखर. शाळेतून आला की तुपातला शिरा. कोजागिरीचं दूध इतरांना एक पेला, त्याला दोन. दिवाळीचा फराळ तर आठ दिवस आधीच त्याच्यासमोर उघडा असे, देवाला दाखवायच्या आधी. पाडव्याची तुला झाली तरी थांबायचं नाव नाही, कारण पुढच्या वर्षाची काळजी त्याच दिवशी लागायची. संक्रांतीपर्यंत तिळाचे लाडू, मग होळीची पुरणपोळी आणि तिच्यावर तुपाची धार. शिंपी दरवर्षी त्याच्या पँटीची कंबर सैल ठेवायचा आणि दिवाळी सरेपर्यंत तीही तटतटायची. आजी ती कंबर दोन बोटांनी ओढून बघायची आणि खुश व्हायची. माझे गाल बसलेले असायचे. मला कोणी खायला देत नव्हतं असं नाही. देत होते. पण माझ्यासमोर ताट ठेवून कोणी बघत बसत नव्हतं.

दहा वर्षांची होते तेव्हा मी आजीला विचारलंच, "आजी, मले कवा बसवशीन पारड्यात?"

आजी वाती वळत होती. ती हसली आणि तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. "तू तं फुकट आली वं माय," ती म्हणाली. "तुह्यासाठी देवाले काई मांगाच नाई लागलं."

ती हे लाडानं म्हणाली होती, ते आज कळतं. तेव्हा मला फक्त फुकट हा शब्द ऐकू आला. स्वयंपाकघरातून काकू हसल्याचंही ऐकू आलं.

पण दहा वर्षांच्या डोक्याला हार मानता येत नाही. मी माझ्यापुरता निष्कर्ष काढला की मी वजनात कमी पडते. पारड्यात बसायला जडपणा लागतो आणि मी म्हणजे नुसती काडी. उद्या मी त्याच्याहून जड झाले, तर मला कोण नाही म्हणेल? त्या दिवाळीच्या सुट्टीपासून मी खायला लागले. भूक लागली म्हणून नाही, भावाला हरवायचं म्हणून. दुपारी सगळे झोपले की स्टुलावर चढून डबे काढायचे. शंकरपाळे खिशात, बेसनाचा लाडू तोंडात, करंजी फ्रॉकच्या आत. अमरावतीला आजोळी गेले की मामी हौसेनं वाढायची आणि मी नको म्हणायचेच नाही. मामी म्हणे, "पोरीचं पोट हाये का कोठी?" मला ते बक्षीस वाटायचं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान होतं. तिथं पोती मोजायचा जमिनीवरचा काटा होता. दर रविवारी काहीतरी आणायच्या निमित्तानं जाऊन मी त्याच्यावर उभी राहायचे. दुकानदार चष्म्यावरून बघायचा. "काहून वं, तुले कोणी इकत घेऊन राह्यलं काय?" तो विचारायचा. मी त्याला आकडा विचारायचे आणि तो आकडा घरी जाईपर्यंत मनात म्हणत राहायचे. वर्षभरात माझे फ्रॉक दोनदा उसवले. आईनं दोन्ही वेळा मुकाट्यानं शिवले आणि मला वाटलं, तिला आवडतंय.

पुढच्या पाडव्याआधी भावालाही दुकानात नेऊन काट्यावर उभं केलं; मी त्याच्याहून दीड किलो जड होते. गावात पाय ठेवला तेव्हा माझ्याइतकं खुश कोणी नसेल. भावाला पारड्यात बसवायला काकांनी घोंगडी घातली आणि तो चप्पल काढत होता, तेवढ्यात मी पळत जाऊन त्यात बसले. साखळ्या दोन्ही हातांनी धरल्या. "मी त्याच्याहून जड हाये!" मी मोठ्यानं सांगितलं. "किराण्यावाल्यानं मोजलं!"

मग जो हशा उठला तो मला अजून ऐकू येतो. पुरुष हसले, बाया पदर तोंडाला लावून हसल्या, माझे वडीलही हसले. आजी तेवढी हसली नाही. ती लगबगीनं आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "उठ माय. पोरीचं वजन चारचौघांत सांगत नसतेत." काकांनी मला काखेत धरून उचललं आणि बाजूला ठेवलं. भाऊ बसला. ढोल वाजला. त्या वर्षी आजीला आदल्या वर्षीहून जास्त लाडू टाकावे लागले आणि सगळ्यांनी तिचं अभिनंदन केलं.

त्या रागात मी घरी येऊन डब्यातली करंजी काढली, कोणापासून न लपवता, स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहून. आईनं ती माझ्या हातातून काढून घेतली. "बस झालं आता," ती म्हणाली. "पोरीच्या जातीनं जिभीवर ताबा ठेवावा." ती करंजी परत डब्यात गेली आणि डबा माझ्या हाताला येणार नाही अशा फळीवर गेला. भाऊ दाराशी उभा होता. त्याच्या एका हातात लाडू होता आणि दुसऱ्याही हातात लाडू होता.

म्हणजे बघा, माझी गत काय झाली. काडी होते तेव्हा निदान हवं ते खाता येत होतं. आता जाडी झाले होते आणि खाणंही बंद. मैत्रिणी ढोली म्हणायच्या. त्यालाही शाळेत लाडू म्हणून चिडवायचे, पण घरात त्याच्या जाडीला अंग धरणं म्हणत आणि माझ्या जाडीला सुटणं म्हणत. शाळेत तपासणीला डॉक्टर आले, त्यांनी आईला बोलावून सांगितलं की दोन्ही मुलांचं वजन वयाच्या मानानं फार आहे, दोघांचंही गोड कमी करा. आईनं दोघांबद्दल ऐकलं आणि एकीचंच कमी केलं. नवस संपायला अजून तीनेक वर्षं होती, तिचाही इलाज नव्हता. हे मी आता म्हणते. तेव्हा मी फक्त चोरून खायला शिकले, आणि चोरून खाल्लेलं अंगाला जास्त लागतं असा माझा अनुभव आहे.

शेवटच्या वर्षी, त्याला बारावं संपताना, लाडू पुरले नाहीत. लाडवांच्या टोपल्या रिकाम्या झाल्या आणि त्याचं पारडं जमिनीवरून उठेना. आचारी म्हणाला आणखी बुंदी पाडायला तास लागेल. तेव्हा कोणीतरी गंमत म्हणून परातीत एक वीट ठेवली, मग दुसरी. लोक हसून लोटपोट झाले. भाऊ साखळ्या धरून, पायाच्या अंगठ्याकडे बघत बसला होता. खाली उतरवल्यावर तो देवळामागे निघून गेला. त्याची पाठ हलत होती, ती मला दिसली. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, खूप बरं वाटलं. पण तेही फार वेळ टिकलं नाही, कारण आई त्याच्या मागे धावत गेली. मला उचलून बाजूला ठेवलं होतं तेव्हा माझ्या मागे कोणी आलं नव्हतं.

पुढं आजी वारली. वडीलही गेले. आई आता भावाकडे अमरावतीला असते. भावाला तिशीतच साखर निघाली आणि ऐकून मला वाईट वाटलं, पण त्यातही कौतुक त्याचंच. आई त्याच्यासाठी खजूर-डिंकाचे लाडू वेगळे वळते, त्याच्या गोळ्यांच्या वेळा तिला पाठ आहेत. माझी साखरही काठावर आहे. ते मी तिला सांगितलेलं नाही. सांगितलं आणि तिनं नुसतं हूं केलं तर?

गेल्या भाऊबीजेला मुलीला घेऊन गेले. बडनेऱ्याला उतरून रिक्षानं घरी पोचेपर्यंत दुपार झाली. माझी मुलगी गोलमटोल आहे, मी अकराव्या वर्षी होते तशी. पाय धुऊन ती सरळ स्वयंपाकघरात गेली. मी मागून गेले, तर आई तिच्या हातावर अनारसा ठेवत होती. ताटलीतला चुरा बघता तो पहिला नव्हता, तिसरा तरी असावा.

"खाय माय," आई तिला म्हणत होती. "लेकराचं अंग हाये." आणि गुडघ्यावर हात ठेवून, पाटावर बसून, ती तिच्याकडे बघत होती. तिच्या तोंडाकडे, प्रत्येक घासाकडे.

भावाचा हेवा करण्यात आयुष्य गेलं, ते समजू शकते. पण ही माझी पोटची पोर होती आणि तिचाही मला हेवा वाटला. मी पुढं होऊन तो अनारसा तिच्या हातातून काढून घेतला.

"पुरे," मी म्हटलं. "मामाला काय झालंय बघतेस ना? हे असंच खाऊन झालं."

बोलले ते खरं होतं, पण मी त्यासाठी बोलले नव्हते. मुलीनं माझ्याकडे बघितलं, बोटांची खसखस फ्रॉकला पुसली आणि बाहेर गेली.

आईनं ताटलीतला चुरा बोटानं गोळा केला. मग म्हणाली, "देऊन टाक तिले तो. उद्यापासून कमी कर, मी बी नाई देत. पन हातातला काढू नको."

मी मुलीला हाक मारली. तिनं अनारसा घेतला, पण खायच्या आधी पुन्हा एकदा माझा चेहरा तपासून पाहिला. ती गेल्यावर आई उठली. तिनं फळीवरून डबा काढला, ताटलीत एक करंजी ठेवली आणि ती पाटासमोर सरकवली.

"तुह्या हातची म्या काढून घेतली व्हती," ती म्हणाली. "तवापासून तू माह्यासमोर गोडाचं काई खाल्लं नाई. दिवाळीले तू येतं तं म्हनतं, 'मंग खाईन'. तुह्या लग्नात बी मी पाह्यत होती. जिलबी तशीच ताटात राह्यली तुही."

मला वाटायचं, आई जन्मभर एकाच ताटाकडे बघत आली. तीस वर्षं तिला ऐकवायचं म्हणून जे काही साठवून ठेवलं होतं, ते सगळं तोंडाशी आलं आणि त्यातलं एकही वाक्य कामाचं नव्हतं. मी पाटावर बसले. करंजी उचलली. ती समोर बसून बघत राहिली.

पहिला घास तोंडात होता, तेवढ्यात भाऊ आत आला. "आई, माह्या लाडवाचा डबा कुठी हाये?" त्यानं विचारलं. "गोळीची वेळ झाली."

आईनं मान वळवली नाही. "थांब जरा," ती त्याला म्हणाली. "ही खाऊन राह्यली."

भाऊ दाराशी थांबला. मी मुद्दाम सावकाश खाल्ली.