सुरीच्या मुठीतलं भोक

"हे भोक," डॉक्टर केळापुरे म्हणाले आणि भिंग खाली ठेवून थांबले. न्यायाधीशांनी मान वर केली. "हे भोक आरोपीने मुद्दाम पाडलेलं आहे. त्यातून दोरी ओवायची आणि ती मनगटाला बांधायची, म्हणजे झटापटीत हत्यार हातातून निसटत नाही. माझ्या मते हा पूर्वनियोजित खून आहे."

पुण्याच्या सेशन्स कोर्टात मी मागच्या बाकावर बसलो होतो. बचाव पक्षाचा तज्ज्ञ म्हणून मला बसायची परवानगी होती, हसायची नव्हती.

ती सुरी पॉवर हॅक्सॉच्या ब्लेडची होती. लोखंडाचे जाड गज कापायला कारखान्यात विजेवर चालणारी करवत असते, तिचं हे पातं. त्याच्या दोन्ही टोकांना भोक असतं, कारण ते पिन घालून मशीनच्या फ्रेममध्ये बसवायचं असतं. पातं बनवणारी कंपनीच ते भोक पाडते. आरोपीने मनात आणलं असतं तरी त्याला ते जमलं नसतं. पातं इतकं कडक असतं की साधं ड्रिल त्यावर नुसतं नाचतं.

मी पिंपरीच्या एका इंजिनिअरिंग कंपनीत मेटलर्जिस्ट होतो. मेटलर्जिस्ट म्हणजे धातूंचा वैद्य. कुठला तुकडा कशाचा आहे आणि तो का मोडला, एवढंच सांगायचं. मोडलेला तुकडा उलट बोलत नाही, हा या धंद्यातला मोठा फायदा. गोष्ट सत्तरच्या दशकातली. आरोपी किसन आमच्याच कंपनीत हॅक्सॉ मशीनवर होता. देहूरोडच्या बाजूच्या एका गावात राहायचा. विहिरीच्या पाण्यावरून त्याचं शेजाऱ्याशी भांडण झालं आणि "तुला बघून घेतो" असं तो चारचौघांत बोलून बसला. पुढे काही दिवसांनी तो शेजारी ओढ्याकाठी मेलेला सापडला, आणि त्याच्याजवळ ही सुरी. मारताना कोणी पाहिलं नव्हतं. सगळी केस सुरीवर उभी होती आणि सुरी डॉक्टर केळापुऱ्यांवर.

डॉक्टर सरकार पक्षाचे तज्ज्ञ, निवृत्त प्राध्यापक होते. गळ्यात बो, खिशात चामडी डबीतलं भिंग. त्यांचं म्हणणं ऐकायला सोपं होतं. सुरी हायस्पीड स्टीलची आहे. हे टंगस्टन वगैरे घातलेलं महागडं पोलाद, तापून लाल झालं तरी धार सोडत नाही. ते दुर्मीळ असतं. आरोपीच्या मशीनवरच्या पात्याचा एक तुकडा मागवून तपासला, तर धातू तंतोतंत जुळला. आमच्या वर्क्स मॅनेजरांचं पत्रही होतं: झिजलेली सगळी पाती स्क्रॅपमध्ये जमा होतात, गेटबाहेर एकही जात नाही. म्हणून सुरी किसनची.

धातू जुळणारच होता. निम्म्या पिंपरीत त्याच एका कंपनीची पाती यायची. दोन गृहस्थांच्या पायात एकाच कारखान्याच्या चपला सापडल्या, तर ते सख्खे भाऊ ठरत नाहीत.

आणि दुर्मीळ? पिंपरी, चिंचवड, भोसरी कुठेही जा. घरातला एकजण कारखान्यात असला, की त्या घरात हॅक्सॉची सुरी असायचीच. झिजलेल्या पात्याचे दात जेवणाच्या सुट्टीत ग्राइंडरवर उडवायचे, एक टोक निमुळतं करायचं, धार काढायची आणि मुठीला काळी टेप गुंडाळायची. डब्यात भाकरीखाली घालून ती गेटबाहेर न्यायची. दुसऱ्या टोकाचं भोक तसंच राहायचं. त्यात सुतळी घालून सुरी ओट्याजवळच्या खिळ्याला टांगली, की कांदा असा चिरला जायचा की डोळ्यांत पाणी यायला वेळच मिळू नये.

हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणीच सांगणार नव्हतं. बोथट झालं तरी पातं कंपनीचं. "माझ्या घरी आहे" म्हणणं म्हणजे चोरी कबूल करणं.

डॉक्टरांच्या साक्षीच्या आधी किसनचे वकील दामले माझ्या लॅबमध्ये आले होते, ते वैतागूनच.

"अहो, मला एक माणूस द्या. फक्त एक. शपथेवर म्हणू दे की माझ्या घरी अशी सुरी आहे."

"नाही मिळणार. नोकरी जाईल त्याची."

"इथे एकाचा जीव जातोय!"

"दुसऱ्याचा जातोय ना. म्हणूनच नाही मिळणार."

दामल्यांबरोबर किसनची आई होती. ती इतका वेळ दारातच उभी होती. "सायेब," ती म्हणाली, "आमची सुरी घरीच हाय की. खिळ्याला टांगलीया. म्या रोज तिनंच कांदा चिरती. मग ही वढ्यावरची आमची कशी?"

"हे पोलिसांना सांगितलं?" मी विचारलं.

"सांगितलं," दामले म्हणाले. "फौजदार म्हणाले, म्हणजे आरोपीने दोन बनवल्या."

मी साक्ष द्यायला तयार झालो. दुसऱ्याच दिवशी वर्क्स मॅनेजर रेगे साहेबांनी मला बंगल्यावर बोलावलं.

"साक्षीला जरूर जा. मी अडवणार नाही," ते म्हणाले. "पण कंपनीतून माल बाहेर जातो, हे तुमच्या तोंडून येता कामा नये. शब्द द्या."

"मग मी सांगू काय, साहेब?"

"सायन्स सांगा."

तेवढ्यात रेगेवहिनी कलिंगड घेऊन आल्या आणि टेबलावरच फोडी करू लागल्या. सुरी लांब, मूठ काळ्या टेपची, टोकाला भोक आणि भोकात हौसेने बांधलेली लाल रिबीन. कलिंगड लोण्यासारखं कापलं जात होतं.

साहेब माझ्याकडे बघत होते. मी सुरीकडे बघत होतो.

"धार छान आहे हो, वहिनी," मी म्हणालो.

"यांनीच आणून दिली," वहिनी म्हणाल्या. साहेबांनी तोंडातली फोड बियांसकट गिळली. मी शब्द दिला.

माझ्या साक्षीच्या दिवशी रेगे साहेब स्वतः कोर्टात हजर होते. कंपनीच्या नावाला जपायला. दामल्यांनी मला विचारलं, "सुरीबद्दल तुमचं काय मत आहे?"

"आधी पाहू दे," मी म्हणालो.

मागच्या तारखेनंतर सुरी पुन्हा पाकिटात बंद झाली होती. वरून जाड सुतळी, गाठीवर लाखेचं सील. "उघडा," न्यायाधीश म्हणाले. कोर्टाचे पट्टेवाले गणपतराव भिंतीपाशी गेले, कपाटामागच्या खिळ्यावरून काहीतरी काढलं, आले आणि एका झटक्यात सुतळी कापली. मागच्या तारखेलाही त्यांनी हेच केलं होतं. तेव्हा सगळे पाकिटाकडे बघत होते, मी गणपतरावांच्या हाताकडे.

"साहेब," मी न्यायाधीशांना म्हणालो, "गणपतरावांच्या हातात जे आहे, ते मुद्देमालाशेजारी ठेवलं तर मला मत देणं सोपं जाईल."

गणपतरावांनी हात पाठीमागे नेला. न्यायाधीशांनी नुसतं टेबलाकडे बोट केलं. दोन सुऱ्या शेजारी शेजारी आल्या. तीच रुंदी, तीच जाडी, ग्राइंडरवर उडवलेल्या दातांच्या त्याच पुसट खुणा, तेच भोक. गणपतरावांच्या भोकात सुतळीचा फास होता.

"कुठून आणली?" न्यायाधीशांनी विचारलं.

"मेव्हण्यानं दिली, साहेब. चिंचवडला कंपनीत..." गणपतराव अडखळले. "न्हाई न्हाई, जुन्या बाजारात घेतली."

सरकारी वकील उठले. "आमची हरकत आहे! ही सुरी या केसमधली नाही!"

"तेच तर आम्ही म्हणतोय," दामले म्हणाले.

न्यायाधीश पुढच्या रांगेकडे वळले. "डॉक्टर, जरा पाहता का?"

डॉक्टर केळापुऱ्यांनी डबीतून भिंग काढलं आणि बराच वेळ पाहिलं. माणूस ऐटबाज होता, पण खोटारडा नव्हता. "धातू तोच दिसतो," ते हळूच म्हणाले.

"आणि या भोकाचं प्रयोजन?"

"हे... टांगण्यासाठी असावं."

"आणि त्या भोकाचं?"

डॉक्टरांनी भिंग पुसायला घेतलं.

"अशा सुऱ्या सर्रास असतात का?" न्यायाधीशांनी मला विचारलं. मागून रेगे साहेबांचं खाकरणं ऐकू आलं.

"ते मला सांगता येणार नाही, साहेब. फक्त ज्यांच्या घरी अशी सुरी नाही, त्यांना हात वर करायला सांगून पाहावं."

"हे कोर्ट आहे, सभा नव्हे," न्यायाधीश म्हणाले. पण त्यांनी खोलीभर नजर फिरवली. फौजदार टोपीचं बक्कल तपासू लागले. रेगे साहेबांचा हात अर्धा वर आला, माझी नजर भेटली आणि तो हात केसांवरून फिरून खाली गेला. न्यायाधीश स्वतःही क्षणभर कुठेतरी घरी जाऊन आल्यासारखे वाटले. मग टायपिस्टला म्हणाले, "शेवटचं वाक्य घेऊ नका."

गणपतरावांची सुरीही पुरावा म्हणून जमा झाली. दोन्ही सुऱ्या एका पाकिटात गेल्या, आणि सुतळी बांधून झाल्यावर ती तोडायला कोर्टात काहीच उरलं नाही. गणपतरावांनी ती दातांनी तोडली.

किसन सुटला. खून कोणी केला, ते शेवटपर्यंत कळलं नाही. डॉक्टर केळापुऱ्यांची त्यानंतर कोर्टात साक्ष झाल्याचं मी ऐकलं नाही. निकालाच्या दिवशी किसनच्या आईने पिशवीतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि गणपतरावांच्या हातात दिलं.

"घ्या दादा. तुमची आमच्यापायी गेली. आमाला आता ही नजरंम्होरं नगं."

"मावशी, आत आणताना कुणी बघितलं न्हाई ना?" गणपतराव म्हणाले आणि कपाटामागे गेले.

मी दिलेला शब्द पाळला. माल बाहेर जातो, असं मी एकदाही म्हणालो नाही. मी फक्त पाकीट उघडायला लावलं. या प्रकरणातून मी एवढंच शिकलो, की तज्ज्ञाने साक्षीला जाण्याआधी भिंग जरूर पुसावं, पण एकदा स्वतःच्या स्वयंपाकघरातही डोकावून यावं.

कंपनीही काहीतरी शिकली. आठवड्याभरात रेगे साहेबांच्या सहीची नोटीस लागली: यापुढे झिजलेलं प्रत्येक पातं मधोमध मोडूनच स्क्रॅपमध्ये टाकावं. तेव्हापासून पिंपरीत छोट्या सुऱ्या मिळू लागल्या. फळं चिरायला त्या जास्त सोयीच्या. पहिली मी रेगे साहेबांच्याच टेबलावर पाहिली. पातं मधोमध मोडलं, की प्रत्येक तुकड्याला एक भोक उरतं. टांगायला तेवढं पुरतं.