तरंगत्या धक्क्यावरचे शनिवार

आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी मासा शिजवला नसेल. मी मात्र सिंगापूरला येऊन, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, मासे पकडायला लागलो. हा नाद मला लावला माझ्याच टीममधल्या एका नागपूरकराने. माझ्याहून सात वर्षांनी लहान, सडपातळ, बोलायला मोकळा. ऑफिसमध्ये मी त्याचा मॅनेजर होतो, पण बाहेर तो मला 'भाऊ' म्हणायचा. हौगांगला एका सरकारी एचडीबी फ्लॅटमध्ये खोली घेऊन तो एकटाच राहायचा. बायको आणि लहान मुलगी नागपुरात. बायको तिथल्या पॉलिटेक्निकमध्ये कायमच्या जागेवर शिकवत होती.

शनिवारी पहाटे मी जुरोंग ईस्टहून पहिली एमआरटी मेट्रो पकडायचो. खातिब स्टेशनवर तो दोन गळ घेऊन उभा असायचा. तिथून चालत सेलेटारच्या रिझर्वॉयरवर. पाण्यात एक छोटा तरंगता धक्का आहे, सगळे त्याला पाँटून म्हणतात. पाऊल टाकलं की तो किंचित दबतो. पहिल्या दिवशी मी घाबरून कठडाच धरला होता. तो हसला होता, "भाऊ, पाय मोकळे सोडा. तो हालला की आपणही हालायचं."

इथे जिवंत आमिष लावायला बंदी. लाकडाचे नाहीतर प्लॅस्टिकचे खोटे मासे दोरीला बांधून लांब फेकायचे आणि झटके देत ओढायचे. फेब्रुवारीत पाऊस ओसरतो, पाणी थोडं खाली जातं आणि पीकॉक बास नावाचा पिवळसर, अंगावर तीन काळे पट्टे असलेला मासा काठाजवळ येतो. त्याने आमिष धरलं की मनगटापासून खांद्यापर्यंत हिसका बसतो. दर वेळी तो माशाच्या जबड्यातून आकडा हलकेच काढायचा, पाण्यात धरून त्याला दम खाऊ द्यायचा आणि सोडून द्यायचा. त्याचे वडील दर पौर्णिमेला न चुकता विहारात जाणारे. "प्राण्याला इजा करायची नाही, हे पहिलंच शील मोडून राहिलो मी," तो म्हणायचा, "निदान जीव तरी नाही घेत."

तिसऱ्या वर्षी, अशाच एका फेब्रुवारीत, मला साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. आमचं निम्मं काम दुसऱ्या देशात हलणार होतं. ज्यांचे एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे नोकरी करायचे परवाने, येत्या दोन-तीन महिन्यांत संपणार होते, त्यांचे पास पुढे वाढवायचे नाहीत असं ठरलं होतं. माझ्या टीममध्ये असे दोघं होते: तो आणि एक दुसरा मुलगा, चेन्नईचा. एकाला ठेवता येईल, असं साहेब म्हणाले. कोणाला, ते मी सांगायचं होतं.

काम दोघांचंही चांगलं होतं. उलट नागपूरकराचंच जरा सरस म्हणावं लागेल. ठेवायला मी चेन्नईच्या मुलाचं नाव दिलं. कारण सरळ होतं आणि ते मला तेव्हाही ठाऊक होतं. मी नागपूरकराबरोबर शनिवारी मासे पकडतो, आम्ही एकमेकांशी मराठीत बोलतो, हे सगळ्या ऑफिसला माहीत होतं. मी त्याला ठेवलं असतं तर 'आपल्या माणसाला ठेवलं' असं लोक बोलले असते. ते बोलणं मला नको होतं. शिवाय माझा स्वतःचा पासही त्याच वर्षी वाढवायचा होता. साहेबांनी बजावलं, जाहीर होईपर्यंत एक शब्द बाहेर जाता कामा नये. मी जाणाऱ्यांच्या यादीवर सही केली.

त्या शनिवारी मी जाणार नव्हतो. पण नाही म्हणायला कारण सुचेना.

सकाळ स्वच्छ होती. त्याने पहिल्या तासात दोन मासे धरले, मला एकही लागला नाही. साडेनऊच्या सुमारास त्याला बायकोचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सातच वाजलेले, ती नुकतीच उठलेली, मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती. तो तिच्याशी थोडं बोलला आणि मग फोन माझ्यासमोर धरून म्हणाला, "भाऊ, तुम्हीच सांगा हिला. हिची मुलीसाठी घेतलेली रजा संपली. आता एक तर राजीनामा द्यायचा, नाही तर इकडे यायचं विसरायचं. सोमवारी उत्तर द्यायचं आहे."

ती म्हणाली, "दादा, कायमची जागा आहे हो. सोडली की परत नाही मिळायची. पण मुलगी बापाला फक्त फोनवर ओळखते. ह्यांचा पास वाढेल ना? तुम्ही यांचे साहेब. तुम्ही म्हणाल तसं करते."

मी काय बोललो ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. मी म्हणालो, "इथे मुलांसाठी छान आहे सगळं. मुलीला आवडेल. बाकी तुमचा दोघांचा निर्णय."

"बघ, भाऊ पण म्हणतात," तो तिला म्हणाला आणि हसला.

मी घाईघाईने वळलो आणि गळ फेकायला हात मागे नेला. डाव्या हाताने दोरी धरली होती, ती सोडायची राहिली. लाकडी मासा उलटा आला आणि त्याचा एक आकडा माझ्या अंगठ्याखालच्या मांसात घुसला. काटेरी टोक आत गेलं होतं. ओढलं की जीव जात होता.

त्याने फोन खिशात टाकला, मला खाली बसवलं. "बघू नका," तो म्हणाला. "त्या झाडाकडे बघा." त्याने जाड दोरीचा फास आकड्याच्या वळणात अडकवला, एका बोटाने आकड्याची दांडी माझ्या तळव्यावर दाबून धरली आणि एकदम झटका दिला. आकडा बाहेर पडला. रक्त फारसं आलं नाही. त्याने बाटलीतल्या पाण्याने जखम धुतली, स्वतःचा रुमाल बांधला आणि मला घेऊन जवळच्या क्लिनिकमध्ये आला. धनुर्वाताचं इंजेक्शन होईपर्यंत माझ्या शेजारी बसला. तिथे अर्धा तास आम्ही दोघंच होतो. मी सांगू शकलो असतो. मी सांगितलं नाही.

घरी माझ्या मुलीने पट्टी बघून विचारलं, "बाबा, फिश बाइट यू आह?" बायकोने मात्र फक्त माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिला यादीचं ठाऊक होतं.

"सांगितलंस?"

"नाही."

"अजून सोमवार उजाडायचाय," ती म्हणाली.

मी रविवारी दोनदा त्याचा नंबर काढला. दोन्ही वेळा फोन खाली ठेवला. मनात म्हणालो, बाई शहाणी आहे, ती एवढ्यात राजीनामा देणार नाही. तिने सोमवारीच दिला.

तीन आठवड्यांनी त्याला मीटिंग रूममध्ये बोलावलं. बोलणाऱ्या बाई एचआरच्या होत्या, मी बाजूला बसलो होतो. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, एक-दोन प्रश्न विचारले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

शनिवारी मी खातिबला उतरलो. तो स्टेशनवर नव्हता, पण पाँटूनवर होता, गळ न उघडता बसलेला. मी शेजारी बसलो.

"तुम्हाला केव्हापासून माहीत होतं?" त्याने विचारलं.

खोटं बोलायची सोय होती. एचआरने यादी वरूनच आल्याचं सांगितलं होतं. पण मला ते जमलं नाही. "तुझ्या बायकोचा फोन आला, त्याच्या तीन दिवस आधीपासून," मी म्हणालो. "आणि यादीत तुझं नाव मीच दिलं."

त्याने गळाची पिशवी जवळ ओढली. मग म्हणाला, "नाव दिलं ते मी समजू शकतो, भाऊ. कोणाचं तरी द्यावंच लागलं असतं. पण ती तुम्हाला विचारत होती. मी फोन तुमच्यासमोर धरला होता." त्याचा आवाज चढला नाही. "तुमच्या हातातला आकडा काढताना मी तो फास दोनदा तपासून घेतला, ठाऊक आहे? तुम्हाला दुखेल म्हणून."

तो उठला. गळाची पिशवी खांद्याला लावून काठाकडे चालत गेला. त्याच्या पावलांनी धक्का दबत होता.

पास संपल्यावर त्याला महिनाभर राहायची मुभा मिळाली. त्याने इथे-तिथे मुलाखती दिल्या, काही जमलं नाही. तो परत गेला. माझा पास वाढला. पुढे मी दोन कंपन्यांत त्याचं नाव सुचवलं आणि त्याला तसं कळवलं, त्याने उत्तर दिलं नाही. नंतर कोणाकडून तरी कळलं की हैदराबादला त्याला बरी नोकरी लागली आणि बायको एका खाजगी कॉलेजात तासांवर शिकवते.

दीड वर्षाने मी त्याला फोन केला. उचलला तिने. मी नाव सांगितलं.

"ते आंघोळीला गेलेत," ती म्हणाली.

मी माफी मागितली. तयारी करून ठेवलेली सगळी वाक्यं विसरलो आणि नुसतंच "माझं चुकलं" म्हणालो.

"दादा," ती म्हणाली, "तुम्हाला सांगायची परवानगी नव्हती, हे मी समजू शकते. नुसतं 'एवढी घाई करू नका' म्हणाला असतात, तरी मी थांबले असते. तेवढं म्हणायला परवानगी लागत नव्हती."

"नाही," मी म्हणालो. "लागत नव्हती."

"त्यांना सांगू का तुमचा फोन होता म्हणून?"

"तुम्हाला वाटलं तर सांगा."

तिने सांगितलं की नाही, मला माहीत नाही. त्याचा फोन आला नाही. मीही पुन्हा केला नाही.