काळ्या बिबट्याचं कार्ड

डोमाजी भाऊजीले आमच्या सिंदीत सारे ओळखतात ते त्यायच्या बोटायमुळं. तीस वर्षं जिनात, कापसाची सरकी काढाच्या कारखान्यात, ग्रेडर होते. गाडीतला कापूस चिमटीत धरून ओढला, की धागा केवढा, ओल किती, कोणी पाणी मारून आणला काय, सारं सांगत. मंग ओल मोजाची मशीन आली, तरी शेठ म्हणे, आधी डोमाजीले इचारा. रिटायर झाले तरी दर हंगामाले बोलावणं येतेच. गड्याची सारी इज्जत त्या दोन बोटायवर उभी आहे.

माहं जनरल स्टोअर टेशनच्या रस्त्यावर. आमचे हे अन् ते जुने दोस्त, म्हणून मी त्यायले भाऊजी म्हणते. औंदा त्यायच्या नातीले, सुरभीले, प्राण्यायच्या कार्डाचा नाद लागला. माह्याच दुकानात मिळते, दहा रुपयाचं बंद पाकीट, आत चार कार्डं, नशीब असलं तं एखादं चमकीचं. चाळीसातले एकोणचाळीस जमले, राह्यला एकटा काळा बिबट्या, तोही चमकीचा. वर्ध्याले बसस्टँडजवळ एक दुकानदार सुटी कार्डं विकते. पाह्यजे ते दाखवा, पैसे द्या, घेऊन या. मी म्हटलं, भाऊजी, ते सुटंच आणून द्या पोरीले, कायले पाकिटं फोडत बसता? तं म्हणे, सुटं तं कोणीबी घेते. चमकीचं कार्ड जाड असते, पाकीट दाबलं की मले समजते.

अन् खोटं नव्हतं बाप्पा. पोळ्याच्या वेळी तीनदा माह्या डब्यातून पाकीट काढलं, तिन्हीदा चमकीचं निघालं. पण दसऱ्यापासून एकही नाई. दाबत, डोळे मिटत, फोडत, अन् आतून हरण नाईतं घुबड. मी मनात म्हणे, नशीब फिरलं असन.

मंग एक दिवस मी चहा दिला, स्टीलच्या गिलासात, नुकता उकळलेला. मी पदरानं धरला होता. त्यायनं उघड्या हातानं घेतला अन् बोलतच राह्यले. बोटं लालभडक.  बारा वर्षांपासून शुगर आहे त्यायले, अन् शुगरनं बोटं बधिर होतात हे मी ऐकलं होतं. चटका नाई लागला काय म्हणून इचारलं, तं म्हणे सवय आहे. डॉक्टरकडे जा म्हटलं, तं माशी हाकलावी तसा हात झटकला. लय राग आला मले.

तेवढ्यात जिनातून निरोप आला. सोमवारपासून कापूस सुरू, डोमाजीनं यावं. आता ओला कापूस चुकून गंजीत गेला, तं आतल्या आत तापते, अन् कधी पेट घेईन याचा नेम नाई. तिथं बाया काम करतात, आमच्याच मोहल्ल्यातल्या. 

शनिवारी माल आणाले वर्ध्याले गेलती. काळा बिबट्या सुटा घेऊन आली. घरी एक पाकीट अलगद उघडलं, बिबट्या आत सरकवला, डिंकानं चिकटवलं, अन् डब्यात सगळ्यात वर ठेवलं. माह्या मनात एवढंच, की भाऊजी तेच उचलतीन अन् माही चिंता खोटी ठरन.

रविवारी दुपारी आले. तेच पाकीट उचललं. अंगठ्यानं दाबलं, डोळे अर्धे मिटले, जिनात करत तसंच.

"यात काही नाई," म्हणाले, अन् बाजूले ठेवलं.

मंग सात-आठ पाकिटं दाबली, त्यातलं एक निवडून फोडलं. कोल्हा, मोर, नीलगाय, पुन्हा कोल्हा. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, मीही झाकून ठेवू शकली असती. पण उद्याची गंजी डोळ्यापुढून हालेच ना. बाजूचं पाकीट पुढं सरकवलं अन् म्हटलं, भाऊजी, हे फोडा.

फोडलं. काळा बिबट्या निघाला. त्यायनं कार्ड पाह्यलं, मंग पाकिटाच्या काठाचा डिंक पाह्यला. मी सारं सांगून टाकलं. वाटलं आता भडकतीन, भडकाचा हक्कच होता त्यायचा. पण त्यायनं कार्ड काउंटरवर ठेवलं, हात सदऱ्याले पुसला, डोळे घट्ट मिटले अन् हात माह्यापुढं केला. म्हणाले,

"वहिनी, कार्ड माह्या बोटायवर ठेवा, नाईतं नका ठेवू. ठेवलं की नाई, ते मी सांगतो."

मी ठेवलं. चारही बोटायवर आडवं ठेवलं. त्यायचा चेहरा एकदम शांत, जिनात असे तसा. रस्त्यानं एक ऑटो गेला, तरी ते तसेच उभे.

"ठेवा ना वहिनी," ते म्हणाले. "थांबल्या काऊन?"