सिरीयस आहेत, निघून ये

मी अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवते. विशेषणांमध्ये ‘सिरीयस’ आला की मला उदाहरणं द्यावी लागत नाहीत, मुलंच देतात. अमका सिरीयस आहे, म्हणजे अभ्यासू. सर सिरीयस झाले, म्हणजे आता दात काढू नका. आणि एकमेकांत तर ‘सिरीयसली?’ एवढाच अख्खा प्रश्न असतो. मी फळ्यावर लिहिते: गंभीर, मनापासूनचा, काळजी करण्याजोगा. एक अर्थ मात्र मी कधी लिहिला नाही. आमच्याकडे फोनवर सिरीयस म्हणजे गेला.

मुंबईला किंवा आखातात असलेल्या माणसाला घरचं कोणी गेल्याचं थेट सांगत नाहीत. वाटेत एकटा असतो, स्वतःला सांभाळून यायला हवा. म्हणून ‘सिरीयस आहेत, निघून ये’ एवढंच. ऐकणाऱ्याला कळतं. तोही जास्त विचारत नाही. माझा धाकटा भाऊ मस्कतला जाण्याआधीची गोष्ट. त्याच्या मित्राचे वडील वारले, तेव्हा मुंबईला फोन यानंच केला, आमच्या ओटीवर बसून, माझ्यासमोर. ‘काका जरा सिरीयस आहेत रे, ये तू.’ फोन ठेवला आणि पंच्यानं तोंड झाकून घेतलं.

त्याच भावाला मला फोन करायचा होता.

बाबा सगळं आयुष्य तांडेल होते, बोट आणि खलाशी त्यांच्या हुकमावर. उतारवयात बंदरावर नुसते जाऊन बसायचे. आधी बारीक ताप, मग धाप, मग एका सकाळी ओटीवरून उठताच येईना. रत्नागिरीतल्याच एका हॉस्पिटलात नेलं. दोन्ही फुफ्फुसांत न्यूमोनिया निघाला. तोंडावर घट्ट मास्क बांधून त्यांना आयसीयूत ठेवलं. डॉक्टर तरुण होते, नीट बोलणारे. म्हणाले, “पेशंट सिरीयस आहे. पुढे काय होईल ते आत्ता नाही सांगता येणार. बाहेरगावी कोणी असेल तर कळवून ठेवा.”

आई बाकावर बसली होती. “काय म्हणतो गो डॉक्टर?”

“सिरीयस आहेत म्हणतो.”

“म्हणजे आहेत ना?”

“आहेत, आई.”

मी जिन्याखाली जाऊन मस्कतला फोन लावला. भाऊ तिथे एसी दुरुस्त करतो. मागून यंत्राची घरघर येत होती. मी म्हटलं, “अरे, बाबांना ॲडमिट केलंय. सिरीयस आहेत. जमलं तर ये.”

घरघर थांबली, त्यानं यंत्र बंद केलं असावं.

“कधी झालं?” त्यानं विचारलं.

“काल रात्रीपासून धाप वाढली, सकाळी आणलं.”

“तसं नाही. कधी गेले?”

“गेले नाहीत रे! सिरीयस आहेत.”

“ताई, मला नको सांगू. मी हे फोन केलेत.” आणि तो रडायला लागला.

मी सगळं करून पाहिलं. शपथ घेतली. बाकावर जाऊन आईच्या हातात फोन दिला, तर तिला त्याचं रडणं ऐकून हुंदकाच आवरेना, एक शब्द फुटला नाही. त्याची तर खात्रीच पटली. शेवटी मी आतल्या सिस्टरच्या विनवण्या केल्या. तिनं मिनिटभर व्हिडिओ लावू दिला. मी मोबाईल बाबांच्या चेहऱ्यासमोर धरला.

“डोळे का मिटलेत?”

“झोपलेत.”

“हलत का नाहीत?”

“मास्कच्या पट्ट्या आवळून बांधल्यात. छाती बघ, वरखाली होतेय.”

मी मोबाईल छातीकडे नेला. माझाच हात एवढा थरथरत होता, की पडद्यावर सगळंच वरखाली होत होतं.

“पुरे कर, ताई,” तो म्हणाला. “मी निघतोय. तोवर ठेवा.”

तोवर ठेवा. हे काय ठेवण्याबद्दल म्हणतात ते मला माहीत होतं. पण त्याला आणखी काय सांगायचं, हे कळेना. जो खरा शब्द होता तोच मी वापरला होता.

तो विमानानं मुंबईला आणि तिथून गाडीनं आला. मी स्टेशनवर घ्यायला गेले. अंगावर कामावरचाच शर्ट, हातात एक छोटी पिशवी. रिक्षात बसल्यावर त्यानं विचारलं, “घरी किती माणसं आहेत?”

“कोणी नाही. आई हॉस्पिटलात आहे.”

“मग त्यांना कुठे ठेवलंय?”

“ठेवलं नाही रे, ॲडमिट केलंय! किती वेळा सांगू?”

रिक्षावाल्यानं आरशातून आमच्याकडे बघितलं आणि रिक्षा जोरात सोडली.

आयसीयूच्या दारात भाऊ थबकला. बाबांची छाती हलत होती, मास्कमधून फुसफुस आवाज येत होता. तो खाटेजवळ गेला, त्यांच्या पायांवर हात ठेवला आणि तळवे चोळत राहिला. पाय गरम आहेत, पाय गरम आहेत, असं मला दोनदा म्हणाला.

बाबांनी डोळे उघडले. आधी ओळख पटली, मास्कआड हसू आल्यासारखं झालं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, परत त्याच्याकडे. वादळात बोट घालणारा माणूस. त्यांच्या डोळ्यांत मी कधी भीती पाहिली नव्हती. त्यांनी मास्क बाजूला ओढला.

“कदी आलास?”

“आत्ताच. सुट्टी होती म्हणून आलो.”

“तू गणपतीतच येतस,” बाबा म्हणाले. श्वास घेतला. “म्हंजे माजा आता काय खरा नाय.”

“असं काही नाही हो बाबा.” भाऊ पुन्हा तळवे चोळायला लागला. सिस्टरनं पुढे होऊन मास्क लावला. बाबा छताकडे बघत राहिले. त्यानंतर त्यांनी आम्हाला काही विचारलं नाही. आईला मात्र खुणेनं जवळ बोलावून तिचा हात धरून ठेवला.

दिवस तसेच जाऊ लागले. चढ नाही, उतार नाही. भावाची सुट्टी संपत आली. परत कामावर हजर हो, नाहीतर माणूस बदलतो, असं कंपनीनं कळवलं. तो डॉक्टरांपुढे हात जोडून उभा राहिला. “मला एवढंच सांगा, थांबू की जाऊ?”

डॉक्टरांचा चेहरा कसनुसा झाला. “मी काय सांगू? अजून सिरीयसच आहेत.”

तो थांबला असता, पण बाबांनीच खुणेनं जा म्हटलं. बहुतेक त्यांना वाटलं असावं, हा परत जातोय म्हणजे आपण बरे आहोत.

तो गेल्यावर आठवडाही झाला नाही. एका दुपारी बाबा गेले. मी पुन्हा त्याच जिन्याखाली उभी राहिले. कोणता शब्द वापरू, ते ठरेना. शेवटी म्हटलं, “बाबा गेले रे.”

“नीट बघ, ताई,” तो म्हणाला. “सिरीयस असतील. डॉक्टरांना पुन्हा विचार.”

मी खरंच आत जाऊन पुन्हा विचारलं.

त्याला लगेच परत येणं शक्य नव्हतं. अग्नी चुलतभावानं दिला. स्मशान खाडीच्या काठी, खाली उतारावर आहे, तिथे रेंज धड मिळत नाही. मी मोबाईल धरून उभी होते. चित्र मध्येच गोठायचं. भाऊ तिकडून विचारत होता, “ताई, लावला का अग्नी? मला काही दिसत नाही.”

मी चढावर गेले. तिथे रेंज आली, त्याचा आवाज स्वच्छ ऐकू यायला लागला. पण तिथून चिता दिसत नव्हती, मध्ये काजूची झाडं होती. मी त्याला झाडांवरचा धूर दाखवत राहिले.