मला चांगल्या जाहिराती हव्या होत्या

माझ्या लहानपणी आमच्या गावात एकच टीव्ही होता, गुरुजींच्या घरी. गाव परंड्याच्या अलीकडं, आणि शाळा चौथीपर्यंतच. पाचवीला परंड्याला जावं लागायचं, पोरींना एवढ्या लांब कुणी पाठवत नव्हतं. चौथी झाली आणि माझं दप्तर खुंटीला लागलं ते लागलंच. पुढं धाकट्या भावानं त्यात गोट्या ठेवल्या.

शाळा सुटली तरी रविवारी संध्याकाळी गुरुजींच्या ओसरीवर जाता यायचं, ते टीव्हीमुळं. त्यांच्या बायकोनं टीव्हीवर घालायला पांढऱ्या कापडावर हिरवे राघू भरले होते. ते कापड काकू कोपऱ्याला कोपरा जुळवून, सावकाश घडी घालत काढायच्या. पोरं मागून कुजबुजायची, "काकू, लवकर की." सिनेमा हिंदी असायचा, आम्हाला अर्धामुर्धा कळायचा. मला सिनेमापेक्षा जाहिराती आवडायच्या. साबणाच्या, दंतमंजनाच्या, सायकलीच्या. त्यातलं आमच्या घरी काहीच नव्हतं, दाताला राखुंडी आणि डोक्याला शिकेकाई. पण जाहिरातीत मोठाली अक्षरं यायची. चौथीनंतर मला वाचायला वाण्याच्या पुड्याच्या कागदाशिवाय काही मिळत नव्हतं. पडद्यावरची अक्षरं जायच्या आत वाचून काढायची मला सवय लागली.

एकदा चुकून मोठ्यानं वाचलं गेलं. पोरं हसली. गुरुजी मागं न बघताच म्हणाले, "हसताय काय? ती वाचती. तुमी वाचून दाखवा बघू." मी लाजून पुढं बसलेल्या बाईच्या पाठीआड झाले. त्यानंतर मनातच वाचायची, पण एकही जाहिरात सोडली नाही. तेव्हा जाहिरात सगळ्या ओसरीला एकच असायची. ज्याच्या दारात ट्रॅक्टर त्यालाही तीच आणि आम्हालाही तीच.

आता आमच्या घरात भिंतीवर मोठा टीव्ही आहे. मुलानं धाराशिवहून आणला, नेटवर चालणारा. बसवायला आलेल्या माणसानं भिंतीला भोकं पाडली, टीव्ही टांगला आणि पडद्यावर जे विचारलं जाईल त्याला भराभर 'हो' दाबत गेला. मध्येच त्याला फोन आला, तसा त्यानं रिमोट माझ्या हातात दिला. पडद्यावर विचारलं होतं, तुमच्या आवडीनुसार जास्त चांगल्या जाहिराती दाखवायच्या का. मला गुरुजींची ओसरी आठवली. शिवाय कुणी एवढ्या रीतीनं विचारल्यावर नाही कसं म्हणायचं. मी हो दाबलं.

दुपारी घरात मी एकटीच असते. मालक रानात, मुलगा कामावर, सून परंड्यात ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात. एक दिवस रिमोटशी खेळता खेळता मला टीव्हीत पाचवीचे धडे सापडले. एक बाई फळ्यापुढं उभ्या राहून गणित शिकवत होत्या. मी दार लोटून घेतलं आणि बसले. मग रोजच बसू लागले. गणित, भूगोल, कविता. बाईंनी प्रश्न विचारला की मी हळूच उत्तर द्यायची. चुकलं तरी त्यांना ऐकू जात नव्हतं, ते बरं होतं. घरात कुणाला सांगितलं नाही. मालकांना कळलं असतं तर जेवताना रोज विचारलं असतं, "बाई, परीक्षेत नंबर कितवा आला?"

काही दिवसांनी टीव्ही लावला की दप्तरं दिसायला लागली. दुधात घालायची पावडर, मुलांचे बूट, इंग्रजी शाळेचे प्रवेश. लेकरं हसतायत, आया डबे भरतायत. मी सगळं वाचून काढायची आणि मनात म्हणायची, खरंच चांगल्या आहेत. मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी हे येतंय.

एका रविवारी चुलत जाऊ विरजण न्यायला आली. सून चहा गाळत होती. टीव्हीवर एकामागोमाग एक लेकरांच्या जाहिराती लागल्या होत्या. जाऊ बघत राहिली आणि म्हणाली, "आमच्यात तर नुसतं मोटारी अन् पाइपाचं येतंय. तुमच्यात बरं पोराबाळाचं येतंय गं. का सूनबाई, टीव्हीला आधी सांगितलंस व्हय? आमी काय परके हाव?"

सुनेच्या लग्नाला बरीच वर्षं झाली. बार्शीच्या डॉक्टरकडं चकरा चालू आहेत. जावेला ते ठाऊक होतं, पण तिच्या जिभेला वेळकाळ नसतो. सुनेनं चहा दिला, गाळणी धुतली आणि ती आत गेली.

त्यानंतर ती टीव्हीच्या खोलीत बसेनाशी झाली. आधी कामावरून आली की चहाचा कप घेऊन माझ्याशेजारी बसायची, दुकानात कोण कोण आलं ते सांगायची. आता सरळ आत जायची. माझ्याशी बोलायची, पण कामापुरतं. मीच एकदा भांडी घासताना विषय काढला. "तिचं एवढं मनावर घेऊ नगं बाई. ती सगळ्यांलाच तसं बोलती."

"त्यांचं वाईट न्हाय वाटलं आत्या," ती म्हणाली. "तुमचं वाटलं."

मी हातातलं भांडं खाली ठेवलं.

"टीव्ही आपल्या मनानं काय दाखवत न्हाय. आपुन जे बघतो ते त्यो ध्यानात ठेवतो अन् तसल्या जाहिराती आणतो. दिवसभर घरात तुमीच असता. लेकरांचं बघत बसता, बसा. पण नातू पायजे असं मला तोंडावर म्हणायचं होतं. ऐकून घेतलं असतं मी."

मी तिला त्यावरून कधी शब्दानं बोलले नव्हते. आणि हा टीव्ही माझ्या नावानं तिला रोज बोलत होता. मला माझी लाज सोडायचं जिवावर आलं होतं, पण गप्प बसले असते तर ती तेच धरून बसली असती. ओल्या हातानंच तिला टीव्हीपुढं नेलं. "मी काय बघती ते ह्यात निघतं का?" म्हणलं, "निघत असंल तर काढ."

तिनं काढलं. खाली खाली जात राहिली. इयत्ता पाचवी गणित, इयत्ता पाचवी भूगोल, पुन्हा गणित.

"हे कोण बघतंय?"

"मी."

तिनं ती यादी पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचली. मग म्हणाली, "अपूर्णांक कळले का?"

"बेरीज कळली. पण खालचे आकडे येगळे असले की न्हाय जमत."

ती हसली. डोळे पुसत हसली. पदरानं माझे हात कोरडे केले आणि रिमोट माझ्याच हातात दिला. "मी सांगती, तुमी वाचा अन् दाबा. दुकानात माणसं अशीच येत्यात. 'परवानगी द्या' आलं की दिली. वाचत कुणीच न्हाय."

मी वाचत गेले. वैयक्तिकृत जाहिराती, हा शब्द मला तीनदा अडला. तिनं वाचून दिला नाही, थांबली. पहिल्या दिवशी मी हो दाबलं होतं ते हेच, ते बंद केलं. पडद्यावर काय चाललंय ते ओळखून कंपनीला कळवायचं एक होतं, ते बंद. रिमोटमधल्या माइकचं बंद. मग व्हिडिओच्या ॲपमध्ये जाऊन तिथलंही वेगळं बंद करावं लागलं. मी म्हणलं, "एवढ्यापेक्षा राघूचं कापड टाकून ठिवलं तर?" गुरुजींच्या घरचं तिला सांगितलं होतं मी कधीतरी.

"कापडानं तुमाला दिसायचं बंद व्हईल आत्या. त्याला न्हाय."

शेवटी तिनं विचारलं, मागचं बघितलेलं सगळं पुसायचं का. पुसलं तर धडे पुन्हा शोधावे लागतील. गुरुजी शाळा सुटताना फळा पुसायचे, दुसऱ्या दिवशी नवीन लिहायचे. मी म्हणलं, "पूस. नाव वाचता येतंय मला, शोधीन." मग विचारलं, "आता जाहिराती बंद व्हत्याल?"

"बंद न्हाय व्हायच्या. फक्त आपल्याला ओळखणार न्हाईत."

तसंच झालं. दप्तरं हळूहळू गेली आणि सिमेंट, पाइप, पाण्याच्या टाक्या, केसांचं तेल यायला लागलं. आमचा टीव्ही पण जावेच्या टीव्हीसारखाच झाला. ती विरजणाचं भांडं परत द्यायला आली तेव्हा बघून म्हणाली, "आमच्यावानी पाइपच यायलेत की आता," आणि तिला जरा बरं वाटल्यासारखं झालं.

सून आता कामावरून आली की पुन्हा कप घेऊन माझ्याशेजारी बसते. मालकांना अजून काही माहीत नाही. ती त्यांच्यापुढं माझ्याकडं बघून गालात हसते, पण सांगत नाही. परवा आम्ही दोघी सिनेमा बघत बसलो होतो. सिमेंटची जाहिरात लागली आणि खाली बारीक अक्षरं पळायला लागली. मी वाचायला घेतलं, मोठ्यानं. निम्म्यातच जाहिरात संपली.

"ऱ्हायलं गं," मी म्हणलं.

"लागंल पुन्हा," सून म्हणाली, आणि आम्ही दोघी सिनेमा सोडून जाहिरातीची वाट बघत बसलो.